कॅसिनोच्या दगडावर माणगावचा यशवंत

इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मशानभूमीत नाईक यशवंत घाडगे यांची कबर शोधूनही सापडत नाही. ती नाहीच. ज्यांचे देह हाती आले नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांसोबत त्यांचे नाव तेवढे स्मारकावर कोरले आहे.

१० जुलै १९४४. दुसरे महायुद्ध. टायबर नदीचे खोरे. मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सारे मारले गेले किंवा घायाळ झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा २२ वर्षांचा नाईक एकटाच धावला. हातबॉम्बने त्याने मशीनगन बंद पाडली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून तो शेवटच्या दोघांवर तुटून पडला. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले.

व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. त्या रणभूमीजवळच्या मोंटोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले गेले. पुतळा मात्र इथे, त्यांच्या माणगावात आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना तिथे घटकाभर थांबा.