समुद्रावरील चंद्रोदय
(मूळ जर्मन शीर्षक : मोंडआउफगांग आम मेअर). जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याचे १८२२ मधील तैलचित्र. कॅनव्हास, सुमारे ५५ × ७१ सेंमी.; आल्टे नॅशनलगॅलरी, बर्लिन. याच शीर्षकाचे त्याचे आकाराने बरेच मोठे, आधीचे चित्र सेंट पीटर्झबर्गच्या हर्मिटाझ संग्रहालयात आहे.

किनाऱ्यावरच्या भल्यामोठ्या काळ्या खडकावर दोन स्त्रिया व एक पुरुष पाठमोरे बसले आहेत. ढगांच्या जांभळ्या पट्ट्याआडून चंद्र वर येतो आहे, पाण्यावर पिवळसर उजेड पसरला आहे आणि दोन शिडाची जहाजे किनाऱ्याकडे येत आहेत. चित्रात घडते ते एवढेच. चेहरे दिसत नसल्याने त्या तिघांचे भाव वाचायला मिळत नाहीत. ते पाहतात तेच आपणही पाहू लागतो. पाठमोऱ्या आकृतींची ही योजना फ्रीडरिखच्या अनेक चित्रांत आढळते. येथे तिचा परिणाम विशेष कोमल आहे. *समुद्रकाठचा संन्यासी* (१८०८–१०) या त्याच्या गाजलेल्या चित्रात अफाट आकाशाखाली एकच माणूस उभा आहे आणि त्याचे एकटेपण अंगावर येते. या चित्रातला अंधार तिघांनी वाटून घेतलेला आहे, म्हणूनच तो भयाण वाटत नाही.

फ्रीडरिखचा जन्म बाल्टिक किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्टचा. पुढे तो ड्रेझ्डेनला स्थायिक झाला, तरी हा किनारा त्याच्या चित्रांतून गेला नाही. १८१८ मध्ये कारोलिने बोमरशी विवाह झाल्यावर ती दोघे ग्राइफ्सवाल्ट व र्‍यूगेन बेटाकडे जाऊन आली. त्यानंतर त्याच्या चित्रांत स्त्रिया व जोडपी अधिक दिसू लागतात. काही अभ्यासक जहाजांत आयुष्याचा प्रवास, खडकात श्रद्धा आणि चंद्रात ख्रिस्त पाहतात. फ्रीडरिखची धर्मनिष्ठा लक्षात घेता हा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही. पण तो ठाऊक नसलेल्यालाही चित्र तितकेच भिडते.

बर्लिनचे बँकर योआखिम हाइनरिख विल्हेल्म वागेनर यांनी हे चित्र *एकाकी वृक्ष* या सकाळच्या निसर्गचित्राचे जोडचित्र म्हणून करवून घेतले. त्यांनी मृत्युपत्राने दिलेल्या २६२ चित्रांच्या संग्रहातून १८६१ मध्ये नॅशनलगॅलरीची स्थापना झाली. फ्रीडरिख स्वतः मात्र मृत्यूनंतर विस्मृतीत गेला होता. १९०६ च्या बर्लिनमधील जर्मन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला पुन्हा प्रकाशात आणले.