सामनेवाला कोण? दक्षिण आफ्रिकेतील न्यास आणि नादारीचा अर्ज

न्यासाविरुद्ध नादारीचा अर्ज करताना सामनेवाला म्हणून कोणाचे नाव घालावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. वस्तुतः न्यास ही विधिमान्य व्यक्ती आहे की नाही, या मूलभूत वादाचा निर्णय त्या नावातच अंतर्भूत असतो. दक्षिण आफ्रिकेतील कायद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथील मूळ कायदा रोमन-डच परंपरेचा. न्यासाची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर केप प्रांतात आली. मृत्युपत्राने निर्माण केलेल्या न्यासाला अपील न्यायालयाने १९१५ साली केम्प खटल्यात ‘फिदेइकोमिस्सुम’ या जुन्या रोमन संस्थेच्या चौकटीत बसविले. १९८४ मध्ये ब्राउन खटल्यात त्याच न्यायालयाने ही सांगड अमान्य केली आणि न्यास ही स्वतंत्र विधिसंस्था असल्याचे सांगितले. तथापि स्वतंत्र संस्था म्हणजे स्वतंत्र व्यक्ती नव्हे. न्यास हा मालमत्ता व देणी यांचा समुच्चय होय. ती धारण करतात ते विश्वस्त.

१९३६ च्या नादारी कायद्यातील ऋणकोच्या व्याख्येत न्यासाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १९८४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या मॅग्नम खटल्यात न्यासही ऋणको ठरू शकतो, असे मानले गेले. यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली. नादार होतो तो न्यास. न्यायालयापुढे उभे राहतात ते विश्वस्त.

ही दरी भरून काढण्याचे काम विश्वस्ताच्या नावापुढील ‘एन. ओ.’ ही दोन अक्षरे करतात. ‘नोमिने ओफिकिओ’ या लॅटिन पदसमूहाचा हा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘अधिकारपदाच्या नात्याने’ असा आहे. नाव एकच, परंतु ही अक्षरे जोडताच त्याने निर्दिष्ट होणारा पक्षकार बदलतो. ती गाळल्यास अर्ज त्या गृहस्थाच्या खाजगी संपत्तीवर रोखला जाण्याचा धोका उद्भवतो. न्यासाची मालमत्ता विश्वस्ताच्या वैयक्तिक संपत्तीचा भाग नव्हे, असे १९८८ च्या न्यासमालमत्ता नियंत्रण कायद्याच्या कलम १२ ने स्पष्ट केले आहे.

दुसरा दोष अपुऱ्या नावांचा. विश्वस्तांनी एकत्रितपणे वागावे हा नियम असल्याने सामान्यतः सर्व पदस्थ विश्वस्तांना सामील करावे लागते. पदस्थ कोण, हे केवळ न्यासपत्रावरून ठरत नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार उच्च न्यायालयाच्या ‘मास्टर’ या अधिकाऱ्याने लेखी अधिकार दिल्याशिवाय विश्वस्ताला त्या नात्याने काम करता येत नाही. म्हणून दक्ष धनको प्रथम ते अधिकारपत्र पाहतो. न्यासपत्राने ठरविलेल्या किमान संख्येपेक्षा विश्वस्त कमी असतील, तर उरलेल्यांना न्यास बांधून घेता येत नाही, हे तत्त्व २००४ च्या पार्कर खटल्यात सर्वोच्च अपील न्यायालयाने प्रतिपादिले. अशा वेळी प्रश्न केवळ नावे गाळल्याचा उरत नाही. धनकोचे मूळ येणेच वादग्रस्त होते.

२००८ च्या कंपनी कायद्याने त्या कायद्यापुरता न्यासाचा समावेश ‘विधिमान्य व्यक्ती’च्या व्याख्येत केला, परंतु त्यामुळे सामान्य कायद्यातील न्यासाचे स्वरूप पालटले नाही. तात्पर्य, व्यक्तित्व नसलेल्या संस्थेला कायद्याने नामनिर्देशाच्या द्वारे न्यायालयात आणले. तो निर्देश चुकला तर धनकोचे येणे आणि विश्वस्ताचे स्वतःचे घरदार, दोन्ही धोक्यात येतात.