पाठराखीण

लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीबरोबर पूर्वी पाठराखीण जायची. आमच्या भागात टीव्हीसुद्धा तसाच आला. एकटा कधी आला नाही. त्याच्याबरोबर पत्र्याची एक राखाडी पेटी यायची, तिला स्टॅबिलायझर म्हणत. म्हातारी माणसं 'इष्टाबिलायझर' म्हणायची, आणि कुणी टीव्हीची किंमत सांगितली की "पेटीसकट का पेटीबिगर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. टीव्हीवर पुष्कळांनी लिहिलं. या पेटीवर कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा उद्योग.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या ऊसपट्ट्यातल्या खेड्यांना त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत चित्र आलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि घरांवर ॲल्युमिनियमचे अँटेना दिसू लागले. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी रविवारी सकाळी अर्धी गल्ली. जोती, ओसरी, खिडकीचे गज, सगळीकडे माणसं.

अडचण होती ती लाईटची. आमच्याकडे लाईट म्हणजे दिवा नव्हे, वीज. ती गावात आली ती मुख्यतः विहिरीवरच्या मोटारींसाठी. घरातला बल्ब हा तिचा जोडधंदा. गावठाण आणि मळे एकाच डीपीवर. पहाटे आणि संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात बल्बची तार नुसती लालसर दिसायची. कारण सरळ आहे. तार जितकी लांब आणि बारीक, आणि तिच्यातून जाणारा करंट जितका जास्त, तितका दाब वाटेतच खर्च होतो. त्यातून मोटारीची खोड अशी, की दाब उतरला की ती करंट आणखी ओढते. म्हणजे एकानं मोटर चालू केली की दुसऱ्याची कण्हते, आणि दोघं मिळून तिसऱ्याचा टीव्ही मारतात.

१९५६ च्या वीज नियमांत घरगुती दाबात सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा असं म्हटलं होतं. २३० धरले तर २१६ ते २४४. आमच्या पेटीच्या काट्यानं हे आकडे दिवसातून दोनदाच पाहिले असतील, वर जाताना आणि खाली येताना. संध्याकाळी १६०, आणि मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की २६०. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम नेमका मोटारींच्या वेळेला लागायचा. पिकाला पाणी द्यावं कसं हे टीव्ही सांगत असायचा, आणि पाणी देणाऱ्यांमुळेच तो दिसत नसायचा.

दाब उतरला की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, कडेला काळे पट्टे यायचे, आवाज घोगरा व्हायचा. मग गरज पेटीची. पहिल्या पिढीतली पेटी हातानं चालवायची होती. वर एक काट्याचं मीटर, खाली पाच-सहा टप्प्यांचा खटका, एक लाल दिवा. आत लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, आणि त्या गुंडाळीतून जागोजागी बाहेर काढलेली टोकं. खटका फिरवला की टोक बदलायचं आणि दाब वाढायचा किंवा उतरायचा. एवढंच यंत्र. तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री अशा पेट्या स्वतः बांधून विकायचे. घरी आल्यावर तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल पडायचा, आणि गाभा तापत असल्यामुळे मांजर त्यावर झोपायचं.

या पेटीत एक घात होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. समजा दाब १६० आहे. खटका वर नेऊन तुम्ही तो दीडपटीच्या जरा खाली आणला, १.४ पट म्हणू. टीव्हीला २२४ मिळाले, चित्र ताठ झालं. इतक्यात तिकडे मळ्याची तार तुटली किंवा दहा-बारा मोटारी एकदम बंद पडल्या. दाब उडी मारून २५० वर. पेटी अजून १.४ पटीवरच. टीव्हीला जातात ३५०. म्हणून खटक्याजवळ एक माणूस कायम बसवावा लागे. आमच्या घरी ते काम थोरल्या चुलत्यांचं, तात्यांचं. सीतेचं हरण होत असलं तरी तात्यांची नजर काट्यावर. शिवारातून मोटारींची घरघर थांबल्याचा कानोसा त्यांना आधी लागायचा. "बंद झाल्या रं!" म्हणत ते खटका खाली खेचायचे. त्यांनी 'रामायण' अख्खं ऐकलं, पाहिलं थोडंच. पण चार वर्षांत टीव्हीला ओरखडा आला नाही.

पुढे आपोआप चालणारी पेटी आली. त्यात रिले असायचे, दाब बदलला की 'टक्' असा आवाज करून ते स्वतःच टोक बदलायचे. केरळात १९७७ मध्ये सुरू झालेली व्ही-गार्ड कंपनी पुढे कितीतरी वस्तू करू लागली, पण तिचा आरंभ स्टॅबिलायझरनंच झाला. यावरून या पेटीला देशभर केवढं गिऱ्हाईक होतं ते कळावं. चांगल्या पेटीत आणखी एक सोय असे. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती पुरवठाच तोडायची. ही सोय असलेली पेटी थोडी महाग, म्हणून पुष्कळांनी घेतली नाही.

ते थोडे पैसे काय मोलाचे होते, हे आमच्या गल्लीला एका वळवाच्या संध्याकाळी कळलं. वाऱ्यानं खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. लोकांना वाटतं तार तुटली म्हणजे लाईट जाणार. न्यूट्रल तुटली तर तसं होत नाही. वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मागे साखळीत जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले चारशेच्या वरचे व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणीही उफराटी. ज्याच्या घरी इस्त्री, शेगडी, चार बल्ब चालू, त्याच्या वाट्याला कमी दाब. ज्याच्या घरी एक बल्ब आणि एक टीव्ही, त्याच्या वाट्याला बाकीचा सगळा. म्हणजे जो काटकसरी, त्याचंच जळलं. बल्ब आधी पांढरेफटक झाले आणि मग फुटले. कोपऱ्यावरच्या विधवा काकींचा टीव्ही त्यात गेला. दोन वर्षं दूध घालून त्यांनी तो घेतला होता. मिस्त्रीनं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा लावलं. ज्या दोन घरी पुरवठा तोडणारी पेटी होती, त्यांचे टीव्ही वाचले. त्या वर्षी दिवाळीला तालुक्यात नुसत्या पेट्या विकल्या गेल्या.

विजेचा कडकडाट हा वेगळा शत्रू. पेटीचा त्याच्यापुढे इलाज नव्हता. रिलेला टोक बदलायला डोळ्याच्या पापणीइतका तरी वेळ लागतो, आणि आभाळातल्या विजेचा झटका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. ती घरावर पडावीच लागते असंही नाही. दूर मळ्यात पडली तरी तारांमध्ये झटका उठतो. वळवाचं पहिलं गडगडलं की आजी ओरडायची, "वायर काढा!" मग प्लग आणि अँटेनाची चपटी वायर दोन्ही काढायची. वायरचं टोक ती काचेच्या बरणीत ठेवायची. बरणीचा उपयोग शून्य, पण वायर काढण्याचा शंभर टक्के. आजही याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

शहरात नोकरीला लागलेली मुलं नव्वदीनंतर सुट्टीला येताना स्पाइक गार्ड आणू लागली. एका पट्टीत चार-पाच सॉकेट, लाल बटण. त्यात जस्ताच्या ऑक्साइडची नाण्याएवढी चकती असते. एरवी ती गप्प बसते, दाबाचा झटका आला की क्षणभर वाट मोकळी करून तो झटका स्वतःवर घेते. काम नामी, पण क्षणाचंच. तासभर ३५० व्होल्ट आले तर चकतीच जळते. स्टॅबिलायझर आणि ही पट्टी यांत लोकांनी नेहमी घोळ घातला. एक ताप उतरवणारं औषध, दुसरं विंचवावरचा उतारा. शिवाय पट्टीचा निम्मा गुण अर्थिंगवर, आणि आमच्याकडे तीन पिनांपैकी मोठी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवायची रीत. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा होता, तिथे तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलेलं असे. पण उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी कोण ओतणार? माणसांनाच टँकर. कोरड्या मुरमात अर्थिंग असून नसल्यासारखं.

नव्या रंगीत टीव्हींच्या पाठीवर ९० ते २७० व्होल्ट असं छापून येऊ लागलं आणि पेटीचं टीव्हीशी नातं तुटलं. हे संच दाबाचे चढउतार आतच जिरवतात. त्यांनाही वरची हद्द आहेच. आत विजेचा साठा करणारा कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टांचा. बाहेर २७० असले की आत त्याच्यावर ३८० पडतात, ३५० झाले की पाचशेच्या घरात. मग तो फुगतो आणि फुटतो. न्यूट्रल तुटली तर नवा टीव्हीही जळतो तो असा.

२००५ नंतरच्या वर्षांत गावठाणाच्या आणि शेतीच्या लाईनी पुष्कळ ठिकाणी वेगळ्या झाल्या. आमच्या गावीही झाल्या, आणि मोटारींशी टीव्हीचं वैर संपलं. भारनियमनानं मग इन्व्हर्टर आणला, ती गोष्ट निराळी. पेटी फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसली.

तात्यांची खटक्याची पेटी माळ्यावर होती. परवा भंगारवाल्यानं ती उचलून पाहिली, चाकूनं गुंडाळीवरचं वार्निश खरवडलं आणि म्हणाला, "ही तांब्याची हाय. आता येतात त्या आलुमिनच्या." फ्रिजवरची बंद पडलेली पेटी त्यानं पत्र्याच्या भावानं घेतली. तात्यांची काट्यावर वेगळी वजन केली.