तळटीप : रंग चढलेला आणा

* निपाणीच्या तंबाखूबाजारातला ‘रंगीत आणा’ म्हणजे मुंबई टांकसाळीने १९०७ पासून पाडलेला कंगोरेदार आणा (बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता). तीन भाग तांबे, एक भाग निकेल. हवेतल्या, कागदातल्या गंधकाने त्यावर अतिशय पातळ थर चढतो आणि थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात: थर वाढेल तसा आधी पिवळा, मग जांभळट लाल, मग निळा. म्हणून अस्सल रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू उतरतो, बहुधा कडेकडून मध्याकडे. पिवळ्यावरून एकदम निळ्यावर उडी दिसली, किंवा ताज्या ओरखड्यातही तोच रंग भरलेला असला, तर तो तापवून वा रसायनाने आणलेला समजावा. रंगाआड झीजही लपवली जाते. नाणे तिरके फिरवून मूळ झळाळी रंगाखालून सरकते का, ते आधी पाहावे. चिंचेने घासलेल्या आण्याला जाणता संग्राहक हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. १९१८ च्या चौकोनी दोन आण्यांनाही हेच निकष लागू. १९४७ चा वाघछाप रुपया मात्र शुद्ध निकेलचा, त्यावर रंग सहसा इतके खुलत नाहीत. — संपा.