आधी सुरक्षित, मग स्वच्छ : लखनौच्या नगर-आरोग्याचा इतिहास

मराठी रसिकाला लखनौचा कैसरबाग ठाऊक असतो तो पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली त्यांनी तेथे मॅरिस कॉलेज या संगीत विद्यालयाची स्थापना केली आणि नवाब वाजिद अली शाहच्या परीखान्यात पुढे शास्त्रशुद्ध संगीतशिक्षणाचे वर्ग भरू लागले. परंतु ज्या रुंद रस्त्यांवरून आपण कैसरबागेपर्यंत पोहोचतो, त्या रस्त्यांचा जन्म कसा झाला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र तो अवश्य करावा. भारतातील नागरी आरोग्यव्यवस्थेचे अनेक गुणदोष त्या रस्त्यांच्या इतिहासात बीजरूपाने सापडतात.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले. त्याच महिन्यात बंगाल इंजिनिअर्सचे कर्नल रॉबर्ट नेपियर यांनी शहर ताब्यात कसे ठेवावे याविषयी एक टिपण सादर केले. दाट वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत उठाववाल्यांनी सैन्याला महिनोन्‌महिने झुंजविले होते. त्यामुळे नेपियर यांचा उपाय सरळ होता. शहरातून रुंद, सरळ मार्ग काढावेत. मच्छी भवनाच्या किल्ल्याभोवतीची वस्ती हटवून मैदान करावे. सैन्याला हवे तेव्हा हवे तेथे पोहोचता यावे. या योजनेपायी शहराचा फार मोठा भाग भुईसपाट झाला. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी वसाहतकालीन लखनौवरील आपल्या १९८४ च्या ग्रंथात या कालखंडाची मांडणी करताना प्रकरणांना दिलेली शीर्षके बोलकी आहेत : शहर सुरक्षित हवे, शिस्तबद्ध हवे, स्वच्छ हवे, त्याने कर भरला पाहिजे आणि ते राजनिष्ठ असले पाहिजे. या क्रमात स्वच्छतेचा क्रमांक तिसरा लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्वच्छतेची निकड तरी कोठून निर्माण झाली? तिचा उगम नागरिकांच्या आरोग्यापेक्षा सैनिकांच्या आरोग्यात होता. भारतातील सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यामागे आपली सारी शक्ती उभी केली होती. १८६३ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि भारतातील गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ इतका भयंकर असल्याचे उघड झाले. युद्धापेक्षा पटकी, ताप आणि हगवण हेच मोठे शत्रू होते. पुढच्याच वर्षी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. छावणीला लागून असलेले शहर घाण राहिले तर छावणी निरोगी राहणार नाही, हे आता सरकारच्या ध्यानात आले होते. शहराकडे मात्र त्यांनी पाहिले ते रोगाचा उगम म्हणून. तेथे राहणारे लोकही रोगाने मरतात, हा विचार दुय्यम राहिला.

याच सुमारास, म्हणजे १८६४ मध्ये, लखनौ नगरपालिकेसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. नगरपालिकेपुढे प्रश्न पैशाचा होता. उत्पन्नाचा मुख्य आधार जकात, म्हणजे तिकडच्या बोलीत चुंगी. शहरात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर ती बसे. म्हणजे तिचा भार गरिबाच्या ताटावरच पडे. आणि या उत्पन्नाचा वापर? त्या काळी उत्तरेतील नगरपालिकांना शहर पोलिसांचा खर्च सोसावा लागे. हा बोजा त्यांच्यावरून काढून घ्यावा व तो पैसा लोकोपयोगी कामांकडे वळवावा, हा विचार लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावात ठळकपणे आला. तोपर्यंत नागरिक स्वच्छतेच्या नावाने जो कर भरत होता, त्यातला बराचसा हिस्सा त्याच्यावर पहारा ठेवण्यात खर्च होत होता. अशा नागरिकाने नगरपालिकेला आपली संस्था मानावे, ही अपेक्षा फोल होती.

या कथेतील सर्वांत उपेक्षित पात्र म्हणजे प्रत्यक्ष सफाई करणारा माणूस. उत्तर भारतातील शहरांत मेहतर कुटुंबांकडे ठरावीक घरांची सफाई परंपरेने असे. त्या कामावर आणि गोळा केलेल्या मैल्यावर त्यांचा वहिवाटीचा हक्क मानला जाई. मैला शेतकऱ्यांना खत म्हणून विकला जाई. अत्यंत अपमानास्पद अशा या व्यवसायात एवढाच काय तो त्यांचा आर्थिक आधार होता. नव्या प्रशासनाला मैल्याची विल्हेवाट आपल्या ताब्यात हवी होती. १९१६ च्या संयुक्त प्रांत नगरपालिका कायद्यात या पारंपरिक सफाईदारांसाठी स्वतंत्र कलमे आली आणि कामात कसूर करणाऱ्यास शिक्षा करण्याची तरतूदही झाली. जातीने लादलेले काम कायद्याने अधिक घट्ट बांधले. ही बेडी कायद्याने तोडण्यासाठी १९९३ आणि २०१३ अशी दोन वर्षे उजाडावी लागली. आणि कायदा होऊनही गटारात उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या आजही आपल्याला वाचाव्या लागतात.

लोकांवर विश्वास न ठेवता राबविलेल्या आरोग्यव्यवस्थेची कसोटी प्लेगच्या साथीत लागली आणि ती त्या कसोटीस उतरली नाही. पुण्यात १८९७ साली काय घडले हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. लखनौपासून जवळच असलेल्या कानपुरात एप्रिल १९०० मध्ये जमावाने प्लेगच्या विलगीकरण छावणीवर हल्ला चढविला. दोन्ही ठिकाणी लोकांचा संताप उसळला तो उपायांच्या अंमलबजावणीतील जबरदस्तीविरुद्ध. रोग्याला घरातून ओढून नेणारा अधिकारी आणि रोग, यांत लोकांना फरक वाटेनासा झाला होता.

या पार्श्वभूमीवर पॅट्रिक गेडीस यांचे लखनौतील आगमन मला महत्त्वाचे वाटते. हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून भारतात आले. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १९१६ साली त्यांनी लखनौ नगरपालिकेला अहवाल सादर केला. वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या पद्धतीवर त्यांचा मूलभूत आक्षेप होता. घरे पाडली की माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत दाटीवाटीने राहू लागतात आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो, हे त्यांनी ओळखले होते. त्याऐवजी एखादी पडीक इमारत काढावी, तिच्या जागी छोटा चौक करावा, विहीर दुरुस्त करावी, झाड लावावे, अशी जपून केलेली शस्त्रक्रिया त्यांनी सुचविली. ती स्वस्त होती. पण तिच्यासाठी अधिकाऱ्याला नकाशावरून नजर काढून गल्लीत पायी फिरावे लागणार होते.

त्यांचा खरा प्रयोग पाहायला मिळाला तो होळकरांच्या इंदूरमध्ये. तेथे प्लेगचा उपद्रव होता. गेडीस यांनी दिवाळीच्या निमित्ताने मोठी मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की, जी वस्ती सर्वांत स्वच्छ असेल तिच्यातून मिरवणूक जाईल. लोकांनी घरे झाडली, दुरुस्त केली, रंगविली; केरकचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत सफाई कामगारांना स्वच्छ पोशाखात मानाने सहभागी करून घेण्यात आले. ज्यांची सावलीही टाळली जाई त्यांना राजमार्गावर मान मिळाला. १९१८ मध्ये इंदूर दरबारला सादर केलेला त्यांचा विस्तृत अहवाल आजही वाचनीय आहे. एका मिरवणुकीने जातिव्यवस्था हलली, असा दावा कोणी करणार नाही. तरीही, भीतीने जे साधत नाही ते सहभागाने साधते, एवढे त्या प्रयोगाने दाखविले.

इतिहास कधी कधी स्वतःच भाष्य करतो. ज्या मच्छी भवनाच्या रक्षणासाठी भोवतालची वस्ती उठविली गेली, त्याच जागेवर १९११ मध्ये किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज सुरू झाले. गाझीउद्दीन हैदरच्या नावाचा, गंगा आणि गोमती जोडण्याच्या स्वप्नातून खणलेला कालवा आज सांडपाणी वाहून नेतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे, आणि २०२४-२५ च्या सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत लखनौने तिसरा क्रमांक मिळविला. ही प्रगती आनंददायक आहे. क्रमांक मिळविण्याच्या ओढीत मात्र अतिक्रमण हटविणे म्हणजेच स्वच्छता, असा नेपियर यांच्या वळणाचा विचार पुन्हा डोके वर काढणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

नागरी आरोग्याचा कोणताही आदेश काढण्यापूर्वी अधिकाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे आरोग्य कोणाचे? त्याची किंमत कोण मोजणार? आणि प्रत्यक्ष घाण कोणाचे हात उपसणार? लखनौमध्ये दीडशे वर्षांपूर्वी हे प्रश्न विचारले गेले असते, तर शहर स्वच्छ होण्यास कदाचित इतका काळ लागला नसता. आणि त्यासाठी इतक्या माणसांना आपली घरेही गमवावी लागली नसती.