चिंचवड ते केडगाव : एका दिवसाच्या सहलीतील तीन ख्रिस्ती स्थळे

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांच्या वार्षिक सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउली यात्रा किंवा वांद्र्याची मोतमाउली, आणि रजा जमली तर तमिळनाडूतील वेलंकणी. या सर्व स्थळांना मोठी परंपरा आहे. परंतु लोकलच्या अंतरावर, एका दिवसात पाहून होतील अशी आणखी तीन स्थळे आहेत आणि त्यांच्याकडे भाविकांचेही लक्ष कमी जाते, इतिहासप्रेमींचेही. तिन्ही ठिकाणी ख्रिस्ती धर्माचा इतिहास मराठी सार्वजनिक जीवनाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. हा थ्रेड त्या तीन स्थळांविषयी आहे.

पहिले स्थळ पुण्याच्या क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. पेशव्यांच्या राजधानीत चर्च उभे राहिले ते इंग्रज येण्यापूर्वी, आणि पेशव्यांनीच दिलेल्या जागेवर. सवाई माधवरावांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोमंतकीय ख्रिस्ती सैनिक नोकरीस होते. डॉम मिगेल दि नोरोन्या हा त्यांच्यातील एक अधिकारी. या सैनिकांना उपासनेसाठी जागा हवी होती. पेशव्यांनी ती दिली आणि १७९२ च्या नाताळात तेथे पहिला मिस्सा झाला. आज दिसणारी इमारत मात्र १८५२ ची आहे.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी त्रेपन्न वर्षे मागे जावे लागते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. चाकणकर मंडळी श्रावणात ज्या भीमाशंकरला जातात, तेथील मोठी घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. एका पिढीने चर्चची घंटा ज्योतिर्लिंगाला वाहिली आणि पुढच्या एका पिढीने चर्चला जमीन दिली. या दोन गोष्टींत विसंगती शोधण्याची घाई करू नये. वसईचे पोर्तुगीज शत्रू होते आणि पुण्याचे पोर्तुगीज पदरचे नोकर होते. अठराव्या शतकातील राज्यकर्त्याच्या हिशेबात हा भेद धर्मभेदापेक्षा मोठा होता.

सिटी चर्चपासून गुरुवार पेठेतील पंचहौद चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाण्याच्या पाच हौदांवरून या भागाला हे नाव पडले. पवित्र नाम देवालय हे या अँग्लिकन चर्चचे अधिकृत नाव. ते १८८५ मध्ये बांधून झाले. चर्चपासून सुटा उभा असलेला त्याचा उंच घंटामनोरा पेठेत दुरूनही ओळखू येतो. पण मराठी इतिहासात पंचहौद हे नाव मनोऱ्यामुळे अजरामर झालेले नाही. त्याला कारण एक कप चहा.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. हा बेत जुळवून आणण्यात गोपाळराव जोशी यांचा हात होता. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती, आणि खोडसाळपणाबद्दल त्या काळी प्रसिद्ध असलेले गृहस्थ. व्याख्यानानंतर मिशनच्या स्त्रियांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसताच पेला हाती धरला. काही दिवसांनी गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखलेही होते.

ख्रिस्त्यांच्या हातचे पेय घेतले म्हणून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले गेले. आज हे हास्यास्पद वाटेल. पण वाळीत पडलेल्या घराला मुंजीला भटजी मिळत नसे, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, मुलीचे लग्न जमत नसे. शिक्षा घरातील स्त्रियांना आणि मुलांना भोगावी लागे. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये आणखी काही मंडळींसह प्रायश्चित्त घेतले. स्वतःसाठी नव्हे, इतरांची अडचण मिटावी म्हणून, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. सुधारकांच्या तरुण पिढीला ते रुचले नाही. रमाबाई रानडे यांनीही आपल्या आठवणींत या प्रसंगाने झालेला मनस्ताप लपवलेला नाही.

पंचहौदची आणखी एक कथा चहापेक्षा जुनी आहे आणि तीच पुढे केडगावला नेते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. (न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे वेगळ्या, थ्रेडवरील उत्तरांत दोघींची गल्लत नेहमी होते.) त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि त्याच काळात पंचहौदच्या मिशनमधील भगिनींशी त्यांचा परिचय झाला. या भगिनी इंग्लंडमधील वाँटेज येथील मठाच्या. त्यांच्याच ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयावर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचाही प्रभाव होता. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला होता.

पण बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई वाँटेजच्या भगिनींना सोप्या गेल्या नाहीत. त्या शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांना चालत नसे. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुण्यात ज्या काळात हिंदू सुधारक मिशनच्या चहाचे प्रायश्चित्त घेत होते, त्याच काळात ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांना आपला सोवळ्याचा स्वयंपाक करण्याची मुभा होती. शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले ते नोव्हेंबर १८९० मध्ये, म्हणजे चहाच्या घटनेनंतर महिन्याभरात. हवा आधीच तापलेली होती. सदनातील मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. हा आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. काही मुलींनी ख्रिस्ती धर्माकडे ओढा दाखवला होता, आणि रमाबाईंनी आपली प्रार्थना बंद दाराआड करण्यास नकार दिला होता. विधवेला शिक्षण देणारी दुसरी किती घरे त्या वेळी पुण्यात होती, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

चिंचवडच्या वाचकाला इथे आपले गाव भेटते. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या पथकांनी पुण्यात घरोघर झडत्या घेतल्या. त्या अत्याचारांचा सूड म्हणून चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या. चापेकर वाडा आज स्मारक आहे. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिणारी व्यक्ती पंडिता रमाबाई होती. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी प्लेगच्या अत्याचारांविषयी तिकडच्या वृत्तपत्रांत वाच्यता केली, आणि परतल्यावर त्यांना सरकारची माफी मागावी लागली. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारच्या बाजूची झाली, हे समीकरण रमाबाईंना लावता येत नाही. चापेकर वाडा पाहून केडगावला जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे. नगर शहरालगतचे केडगाव वेगळे. चिंचवडहून लोकलने पुणे आणि तेथून दौंडची गाडी, असा सोपा प्रवास. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर छपरे उभी राहिली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २,००० झाली. एवढ्या जणींना सांभाळायचे तर देणग्यांवर भागणार नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग तेथेच सुरू झाले. अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र सदने झाली. मोठ्या चर्चची पायाभरणी १८९९ ची.

भेट देणारे बहुतेक जण चर्च आणि रमाबाईंची समाधी पाहून परततात. छापखान्याची गोष्ट राहून जाते. तोवरच्या मराठी बायबलची भाषा रमाबाईंना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. एकटीने केलेल्या अशा भाषांतराला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे खटकते. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत.

मुक्ती मिशन आजही चालू संस्था आहे. तेथे स्त्रिया आणि मुले राहतात, म्हणून आधी परवानगी घेऊन जावे आणि राहणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. परतीच्या गाडीची वेळ स्टेशनवर उतरतानाच पाहून ठेवावी.