गढी: पांढरीच्या पोटातली

उमरखेडच्या शिवारात जमिनीची नावं दोनच, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर वसायचं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिची भिंत टिकत नाही. पांढरी माणसांनीच घडवलेली. एकाच जागी पिढ्यान् पिढ्या राहिल्यावर चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींचा गाळ आणि फुटकी मडकी थरावर थर साचत जातात. आपल्याकडच्या कितीतरी गढ्या याच मातीच्या आहेत.

गढीचं कूळ शोधायला मी कोश उघडला. संस्कृतात ‘गड’ या शब्दाला आडोसा, कुंपण, खंदक असे अर्थ आहेत. प्राकृतात ‘गढ’ म्हणजे किल्ला. म्हणजे खंदकाची माती उपसून भोवती टाकली की ‘गड’ शब्दाचे खंदक आणि कुंपण हे दोन्ही अर्थ एका दिवसात तयार! नागपूर जिल्ह्यातल्या अडमला १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन झालं, तेव्हा प्राचीन नगराभोवती मातीचा तट आणि खंदकच सापडला. देशमुख-पाटलांच्या गढ्या पुष्कळ नंतरच्या, पण युक्ती तीच.

ही युक्ती फक्त आपलीच नाही. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत, तिथल्या मूळनिवासी ऐनू लोकांच्या टेकडीवरच्या गढ्या आहेत. त्यांना ते ‘चाशी’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही कुंपणच. पाचशेहून अधिक चाशींची नोंद झाली आहे. १६६९ मध्ये जपानी सत्तेविरुद्ध उठलेल्या शाकुशाइन या ऐनू सरदाराचं ठाणं अशाच एका चाशीवर होतं. तिथल्या संशोधकांना काळ सांगते ती ज्वालामुखीची राख. तारुमाए डोंगराचे १६६७ आणि १७३९ चे स्फोट ठाऊक आहेत. खंदकातला गाळ त्या राखेच्या वर आहे की खाली, यावरून चाशीचं वय ठरतं.

आपल्याकडे राख आहे ती चुलीची. पावसानं ढासळलेल्या गढीच्या कडेला उभं राहून पाहा. खापराची लाल कड, कोळशाची काळी रेघ, बांगडीचा हिरवा काचतुकडा, मध्येच एखादं हाड. पण कोणता थर कधीचा, हे ती कड आपण होऊन सांगत नाही. त्यासाठी थर जागच्या जागी राहावे लागतात.

थर गेले की मागे उरतात फक्त कागद. हटकर समाजाचे पुढारी नोवसाजी नाईक निजामाच्या फौजेशी उमरखेडला लढले, तिथून मागे हटून नोव्ह्याच्या किल्ल्यात गेले. जानेवारी १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी मेजर पिटमनच्या फौजेनं वेढा घालून तो किल्ला घेतला. हे आपल्याला कागदांतून कळतं, आणि ते कागद बहुतेक जिंकणाऱ्यांचे. आत राहणाऱ्यांचं जेवण, पेवातलं धान्य, आडाचं पाणी यांची हकिगत मातीतच उरते.

आणि ती माती आपण धाब्यावर टाकायला, शेतात पसरायला ट्रॉलीनं नेतो. गावकऱ्यांनो, गढीला फावडं लावण्याआधी तिच्या कडेचा एक फोटो काढा, सापडलेलं खापर कुठल्या थरातलं ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.